मेमरी फुल म्हणजे नक्की कुठली?

या महिन्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच रडगाण्याची निघाली, मेल उघडत नाही आणि फोन मेमरी फुल म्हणतो. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं तर अंक भरून जाईल, म्हणून पाच पत्रं निवडली. बाकीच्यांनी आपलं दुखणं त्यातच शोधावं, बहुतेक सापडेल.

प्रश्न : जीमेल उघडलं की आधी पांढरा पडदा येतो, मग गोल चक्र फिरत राहतं आणि मग एक चौकट येते की ॲप रिस्पॉन्ड करत नाहीये, बंद करू की थांबू. मी थांबा दाबते. एकदा दहा मिनिटं थांबून बघितलं, चहा झाला पण मेल उघडला नाही. फोन चार वर्षं जुना, ६४ जीबी आणि ४ जीबी रॅमचा. नातू म्हणतो आजी रिसेट मार, दुकानदार म्हणतो ॲप काढून परत टाका. माझी धास्ती अशी की पेन्शनचा सगळा पत्रव्यवहार त्याच मेलवर आहे, हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर जवळ येतोय, काही उडालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?
— एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर

उत्तर : बाई, सगळ्यात आधी नातवाला थांबवा. रिसेट हा शेवटचा उपाय, आणि तुमच्या बाबतीत तर तो लागलाच नाही, ते पुढे सांगतोच.

आधी धास्तीचं बोलू. तुमची पत्रं फोनमध्ये नाहीत. ती गुगलच्या सर्व्हरवर आहेत, फोन फक्त तिथून आणून दाखवतो. खात्री करायची तर नातवाच्या लॅपटॉपवर तुमचा मेल उघडा, सगळं जिथल्या तिथे दिसेल. म्हणजे फोनचं काहीही झालं तरी पेन्शनची पत्रं सुखरूप. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की हात थरथरत नाही आणि पुढचं काम सोपं जातं.

आता ती चौकट. तुम्ही बोट लावल्यावर ॲपने साधारण ५ सेकंदात काहीच हालचाल केली नाही तर अँड्रॉइड ती चौकट पुढे करतं. म्हणजे ॲप मेलेलं नसतं, कशात तरी अडकलेलं असतं. कशात ते बघायला मी बाईंना फोन केला आणि सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडायला लावलं. त्यांनी वाचून दाखवलं, ६४ पैकी ६३.४ जीबी भरलेलं. तिथेच कळलं. जीमेल गेल्या महिन्याभराचे मेल फोनमध्ये उतरवून ठेवतं, म्हणजे मुळातलं सेटिंगच ३० दिवसांचं असतं, आणि नवा मेल आला की तो लिहून ठेवायला थोडी का होईना जागा लागते. ती मिळाली नाही की ते परत प्रयत्न करतं, परत फसतं, आणि आपण बाहेर बसून चक्र बघत राहतो. भरलेल्या वहीत लिहायला सांगितल्यावर मूल जसं समासात, कडेला, पुठ्ठ्यावर जागा शोधत बसतं ना, तसं. बाईंना हे लगेच पटलं.

मग ६३ जीबी खाल्ले कुणी? व्हॉट्सॲपने, एकट्याने ३१. निवृत्त शिक्षकांचा एक ग्रुप, माहेरचा एक, सासरचा एक, सोसायटीचा एक, आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. यात बाईंचा एकटीचा दोष नाही. आपल्याकडच्या शुभ सकाळच्या चित्रांनी फोन इतके भरायला लागले की गुगलने २०१७ च्या डिसेंबरात फाइल्स गो नावाचं ॲप काढलं आणि असली चित्रं ओळखून एकगठ्ठा उडवायला त्याला शिकवलं. आज तेच ॲप फाइल्स बाय गुगल या नावाने मिळतं, फुकट आहे, आणि या कामासाठी दुसरं कुठलंही क्लीनर टाकायची गरज नाही.

बाईंनी केलं ते असं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या लावलेल्या असतात. फॉरवर्डवाल्या डोळे झाकून उडवायच्या, मोठ्या मात्र एकदा बघून, कारण त्यात नातीच्या बारशाचा व्हिडिओही असतो. हे करून झालं तरी आकडा फारसा हलला नाही म्हणून बाई परत माझ्यावर नाराज. तर गॅलरीतही त्यांनी बरंच उडवलं होतं आणि गॅलरीच्या कचरापेटीत ते सगळं तसंच पडून होतं, बऱ्याच फोनात ३० दिवस पडून राहतं, आणि तोपर्यंत जागा अडतेच. कचरापेटी रिकामी केल्यावर ६३.४ चे ३८ झाले.

आणि मग फोन बंद करून चालू. हसू नका, अडकलेल्या ॲपवर हा अजूनही सगळ्यात गुणी उपाय आहे, फक्त जागा केल्यानंतर करायचा, आधी नाही. स्क्रीनच गोठली असेल तर पॉवरचं बटण, आणि काही फोनात त्याच्या जोडीला आवाज कमी करायचं बटणही, १०-१५ सेकंद दाबून धरा, फोन आपोआप परत सुरू होतो, आतलं काही जात नाही.

जीमेल उघडलं, पण अजून कुरकुरत होतं. मग सेटिंग्ज, ॲप्स, जीमेल, तिथे फोर्स स्टॉप, आणि नंतर स्टोरेजमध्ये क्लिअर कॅशे. ही कॅशे म्हणजे ॲपने पटकन हाताशी यावं म्हणून काढून ठेवलेलं तात्पुरतं सामान, उडवलं तर ते परत आणतं, बिनधास्त उडवा. त्याच्या शेजारीच दुसरं बटण असतं, क्लिअर स्टोरेज किंवा क्लिअर डेटा, त्याला मात्र लगेच हात लावू नका. त्यानेही सर्व्हरवरचे मेल जात नाहीत, पण न गेलेले मेल, अर्धवट लिहून अजून वर न पोचलेलं काही, ॲपमधल्या तुमच्या आवडीनिवडी हे जाऊ शकतं, आणि जीमेलच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं किंवा ऑफिसचं खातं जोडलं असेल तर ते परत जोडावं लागू शकतं, म्हणून पासवर्ड हाताशी ठेवूनच.

बाईंना ते बटण लागलंच नाही कारण चोर आउटबॉक्समध्ये, म्हणजे पाठवायचे मेल थांबून राहतात त्या कप्प्यात, सापडला. एप्रिलपासून एक मेल तिथे अडकून बसला होता, पासबुकाच्या सहा पानांचे फोटो, थेट कॅमेऱ्यातून काढलेले, मिळून २२ एमबी. जीमेलची मर्यादा २५ ची, त्यामुळे तो नियमात बसत होता, पण घरातल्या रेंजच्या मानाने जड, आणि ॲप बहुधा प्रत्येक वेळी तोच ढकलायचा प्रयत्न करत होतं. बाई म्हणाल्या, अहो मला वाटलं तो गेला, मी बँकेवर रागावून बसले होते की उत्तर देत नाहीत. तो मेल उडवला, ते फोटो स्कॅनच्या ॲपने एका पीडीएफमध्ये केले, २ एमबीसुद्धा झाले नाहीत, आणि परत पाठवले. त्या दिवसापासून चक्र नाही.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल इतकंच, की बहुतेक अँड्रॉइड फोनात जीमेल कंपनीतूनच बसवलेलं असतं, ते पूर्ण काढता येतच नाही, फक्त अपडेट काढता येतात. आणि कधीकधी दोष आपला नसतोच. २०२१ च्या मार्चमध्ये जगभरच्या अँड्रॉइड फोनांवर जीमेल आणि आणखी बरीच ॲप्स उघडता उघडता बंद पडायला लागली होती, लोकांनी फोन रिसेट केले, आणि कारण निघालं अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू नावाच्या, ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या, भलत्याच भागाचं बिघडलेलं अपडेट. गुगलने दुरुस्त करून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करायला सांगितलं आणि विषय संपला. म्हणून एकाच दिवशी तीनचार ॲप्स गचके खायला लागली तर आधी प्ले स्टोअरमध्ये जाऊन ही दोन अपडेट करून बघा, आणि शेजाऱ्यांना विचारा.

प्रश्न : माझा केटरिंगचा धंदा आहे. लग्नाच्या पार्टीने मेन्यू फायनल करून मेल पाठवला तो त्यांना परत गेला, म्हणे तुमचा मेलबॉक्स भरलाय. फोनमध्ये ५८ जीबी रिकामे आहेत, स्क्रीनशॉट जोडलाय. तरी मी हजारभर फोटो उडवले, ताटांचे, मांडवाचे, सगळे. अजून तेच. ऑर्डर हातची गेली तर कोण भरून देणार?
— एक केटरर, सांगली

उत्तर : तुम्ही स्वयंपाकातले म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो, आणि हे बाकीच्यांनीही वाचा कारण सगळा घोळ इथेच होतो. मेमरी मेमरी म्हणून आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना हाक मारतो. रॅम म्हणजे ओटा, आत्ता जे शिजतंय तेवढंच त्यावर. फोनचं स्टोरेज म्हणजे घरातली कोठीची खोली. आणि तिसरी जागा तुमच्या घरात नाहीच, ती गुगलकडे आहे, फुकटची, १५ जीबीची, आणि त्या एकाच खोलीत जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज तिघं दाटीवाटीने राहतात. तुमची कोठी मोकळी आहे, तिकडची खोली भरलीय. आणि ती भरली की मेल येणंही बंद आणि जाणंही.

२००४ मध्ये जीमेल आलं तेव्हा १ जीबी देतायत म्हटल्यावर लोकांना १ एप्रिलची थट्टा वाटली होती, तारीखही तीच होती. आज १५ पुरत नाहीत, त्याची दोन कारणं. एक, १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये चढणारे फोटो हिशेबात धरले जातात, त्याआधी थोडी क्वालिटी कमी करून कितीही ठेवता यायचे. दुसरं कारण बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलेलं नाही, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी या हिशेबात नसायचा, २०२४ पासून तोही धरतात. तुमच्यासारख्या माणसाचा बॅकअप, मांडवाच्या व्हिडिओंसकट, सहज सातआठ जीबी असेल.

तर जीमेलमध्ये उजवीकडे वर आपला गोल फोटो असतो तो दाबा, १५ जीबीपैकी किती टक्के भरले ते तिथे लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की कुणी किती खाल्लं ते कळतं. व्हॉट्सॲप निघालं तर त्याच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओ घेऊ नको असं सांगा आणि एकदा नव्याने बॅकअप घ्या. जीमेल निघालं तर शोधायच्या जागेत इंग्रजीत लार्जर लिहा, त्याला लागून दोन टिंबांचा कोलन, त्याला लागून १० आणि मोठा एम, मधे कुठेही स्पेस नको. १० एमबीहून मोठे सगळे मेल रांगेत उभे राहतील. उडवा आणि बिन म्हणजे जीमेलची कचरापेटी रिकामी करा, कारण बिनमधलंही मोजलं जातं, आणि स्पॅमही.

आता ते हजार फोटो. कुठून उडवलेत, हे महत्त्वाचं. फोनच्या गॅलरीतून उडवले असतील तर गुगलकडच्या प्रती बहुधा तशाच आहेत, म्हणजे जागा काहीच सुटली नाही. गुगल फोटोज उघडून त्यातून उडवले असतील तर फोनमधूनही गेले आणि गुगलमधूनही. हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. आईच्या पंच्याहत्तरीला आम्ही सगळे गुहागरला गेलो होतो, घरी आल्यावर फोन भरला म्हणून मी फोटोजमध्ये जाऊन तीनशे फोटो निवडले आणि उडवले, मनात म्हटलं बॅकअप झालाय की, वर आहेतच. वर म्हणजे नेमकं कुठे याचा विचार नाही केला. दोन महिने होत आले तेव्हा बहीण म्हणाली आईचा तो वाळूतला फोटो पाठव रे. नव्हताच. फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, मी सत्तावन्नाव्या दिवशी पोचलो. तीन दिवस उशीर झाला असता तर आईला काय तोंड दाखवलं असतं माहीत नाही. तेव्हा तुम्ही आजच ट्रॅश बघा, आणि फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तेव्हा फोटोजमधलंच फ्री अप स्पेस नावाचं बटण वापरा, ते वर पोचलेले फोटोच फोनमधून काढतं, वरच्यांना हात लावत नाही.

आणि पार्टीला फोन करा हो, मेन्यू व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. मेलची दुरुस्ती होईतो ऑर्डर थांबणार नाही.

प्रश्न : दादा ८ जीबी रॅम प्लस ८ व्हर्च्युअल असा १६ जीबीचा फोन घेतलाय, रॅम बूस्टर पण टाकलंय, दर तासाला सगळी ॲप्स क्लिअर करतो, तरी कॉलेजचे मेल तासतासभर उशिरा येतात आणि फोन गरम. प्लेसमेंटचा मेल असाच हुकला यार
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : १६ नाही रे, ८ च. व्हर्च्युअल म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमच्या जागी वापरायचा, तो रॅमपेक्षा कितीतरी संथ. ओट्यावर मावत नाही म्हणून भांडी मागच्या अंगणात नेऊन ठेवण्यासारखं आहे ते. फार ॲप्स उघडी असतील तर थोडा उपयोग होतो, पण खोक्यावर छापलेल्या बेरजेला भुलू नकोस.

आणि बूस्टर आजच काढ. अँड्रॉइड रॅम मुद्दाम भरलेली ठेवतं, म्हणजे ॲप परत उघडताना पटकन उघडतं, आणि खरंच गरज पडली की स्वतःच जागा करतं. तू दर तासाला सगळं हुसकावतोस आणि फोन ते सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करतो, बॅटरी तिथे जाते, गरम तिथे होतो. मेल उशिरा येण्याचं कारणही त्याच घरातलं. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप्स झोपवतो, काही कंपन्यांचे फोन तर जरा जास्तच हौसेने. सेटिंग्ज, ॲप्स, जीमेल, बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड कर, काही फोनात ऑटोस्टार्ट वेगळं असतं तेही चालू कर, बॅटरी सेव्हर दिवसा बंद ठेव, आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये सिंकची, म्हणजे मेल आपोआप आणायची, खूण आहे ना ते बघ. प्लेसमेंट ऑफिसला आज जाऊन भेट, मेलवर नको.

प्रश्न : आई दादरला, मी न्यू जर्सीत. तिच्या आयफोनवर जीमेल ॲप हँग होतं, क्लिअर कॅशेचं बटण मला व्हिडिओ कॉलवर सापडतच नाही. की मीच आंधळी?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आंधळ्या नाही, आयफोनात ते बटणच नाही. सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज, जीमेल, तिथे ऑफलोड ॲप असतं, ते ॲप काढतं पण त्याचा डेटा ठेवतं, म्हणजे जागा थोडी सुटते पण साठलेला कचरा तसाच राहतो. खरं साफ करायचं तर डिलीट ॲप आणि परत डाउनलोड. मेल सर्व्हरवर आहेत, जाणार नाहीत, पण त्याआधी आईंना पासवर्ड आठवतोय का ते विचारा आणि खातं परत उघडताना जो कोड मागतात तो कुठल्या फोनवर येतो तेही. तुमच्याच जुन्या भारतातल्या नंबरवर येत असेल तर पहाटे तीनला तुमचा फोन वाजणार आहे.

प्रश्न : जीमेल अडकलं म्हणून कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधला. उचलणारा छान मराठी बोलत होता, साहेब साहेब करत होता. एक ॲप टाकायला लावलं, त्यात त्याला माझी स्क्रीन दिसत होती, मग म्हणाला १० रुपये भरा म्हणजे तुमची मेमरी अनलॉक होईल. तिथे मला शंका आली, फोन ठेवला. पैसे भरले नाहीत. पण ॲप आहे अजून. आता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे वाचताय तोवर उशीर होऊ नये म्हणून तुम्हाला फोनवर कळवलंच आहे, बाकीच्यांसाठी लिहितो. फुकटच्या जीमेलला फोनवर मदत देणारा नंबर नाही. जो सापडतो तो भामट्याचा. दहा रुपये त्याला नकोच असतात, ते भरताना तुम्ही टाइप करता तो पिन त्याला बघायचा असतो.

आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा, मग ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमध्ये त्याला दिलेली परवानगी आधी काढा, मग निघतं. त्यानंतर दुसऱ्या फोनवरून किंवा कंप्युटरवरून, या फोनवरून नाही, बँकेचा आणि जीमेलचा पासवर्ड बदला, गुगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये कुठल्या कुठल्या यंत्रांवर खातं उघडं आहे त्याची यादी असते, अनोळखी दिसेल तिथून साइन आउट करा. यूपीआयचा पिनही बदला. बँकेला कळवून ठेवा. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तर अडवतात. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. आणि तो नंबर लगेच ब्लॉक करून कॉलची यादी साफ करू नका, आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीत नंबर आणि वेळ दोन्ही विचारतात.